टायरच्या साइडवॉलचा रंगबदल

टायरच्या साइडवॉलचा रंगबदल म्हणजे टायरच्या कडेच्या भिंतीचा मूळ काळा रंग जाऊन तेथे तपकिरी, करडी, पांढुरकी किंवा निळसर छटा दिसू लागणे होय. हा बदल मोटारगाड्या, मालमोटारी आणि प्रवासी निवासगाड्यांप्रमाणेच ट्रॅक्टरला जोडल्या जाणाऱ्या ट्रॉलीच्या टायरांवरही आढळतो. तपकिरी छटा बहुधा निरुपद्रवी असते; मात्र काही छटा उष्णतेने, तेलाने किंवा वयोमानाने झालेल्या हानीच्या निदर्शक असतात. म्हणून केवळ रंगावरून टायर बाद ठरवणे जितके चुकीचे, तितकेच रंगाकडे दुर्लक्ष करणेही धोक्याचे असते.

पार्श्वभूमी

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट व थंडीत ठिसूळ होते. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची पद्धत शोधली. तिला व्हल्कनीकरण म्हणतात. टायरचा काळा रंग रबराचा नसून त्यात मिसळलेल्या कार्बन ब्लॅक या काजळीसदृश पदार्थाचा असतो. हा पदार्थ रबराला बळकटी देतो आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून त्याचे रक्षण करतो.

साइडवॉल हा टायरचा सर्वाधिक वाकणारा भाग आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो दबतो आणि पुन्हा सरळ होतो. ताणलेल्या रबरावर हवेतील ओझोन वायूचा परिणाम होऊन त्यास भेगा पडतात. हे टाळण्यासाठी उत्पादक रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायने मिसळतात. त्यांपैकी ६पीपीडी हे रसायन सर्वाधिक प्रचलित आहे.

रंगबदलाची कारणे

तपकिरी छटा: ओझोनरोधक रसायन हळूहळू पृष्ठभागावर येते आणि तेथे ओझोन व प्राणवायूशी त्याची अभिक्रिया होऊन तपकिरी थर तयार होतो. या क्रियेस ब्लूमिंग असे म्हणतात. टायरचे संरक्षण चालू असल्याची ही खूण होय.

पांढुरकी छटा: पृष्ठभागावर आलेल्या मेणामुळे साइडवॉल धुरकट दिसते. रासायनिक खतांचे क्षार वाळल्यानेही पांढरे डाग पडतात; ते पाण्याने निघतात.

गंजासारखा रंग: ब्रेकची भुकटी किंवा रिमचा गंज यांमुळे हा रंग येतो. तो रिमलगत अधिक गडद असतो.

करडी, निस्तेज छटा: दीर्घकाळ उन्हात राहिल्याने रबर कडक होते. अशा टायरवर बारीक भेगांचे जाळे दिसू शकते.

चकचकीत, मऊ डाग: डिझेल, ग्रीस किंवा इंजिनचे तेल लागल्यास रबर ते शोषून घेते, फुगते व कमकुवत होते.

निळसर पट्टा किंवा घासल्याची गोल खूण: हवा कमी असताना किंवा क्षमतेपेक्षा अधिक भार असताना टायर चालवल्यास साइडवॉल प्रमाणाबाहेर वाकते व आतून तापते. हा बदल सर्वांत गंभीर होय. अशा टायरच्या आत कधी रबराचा चुरा आढळतो, तेव्हा तो वापरण्यायोग्य राहिलेला नसतो.

निदानाची पद्धत

प्रथम साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने साइडवॉल पुसतात. तपकिरी रंग फडक्यावर उतरला आणि खालचे रबर अखंड दिसले, तर ते ब्लूमिंग असते. त्यानंतर हाताने भेगा, फुगवटे व मऊ जागा तपासतात. भेगेतून आतील दोरे दिसत असल्यास किंवा कोठेही फुगवटा असल्यास टायर बदलणे आवश्यक असते. ट्रॉलीची आतील बाजूही पाहावी लागते, कारण बाहेरची बाजू सुस्थितीत असूनही आतील बाजू फाटलेली असू शकते.

टायरचे वय साइडवॉलवरील चार अंकांवरून कळते. पहिले दोन अंक आठवडा आणि पुढील दोन वर्ष दर्शवतात. ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. अनेक उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करण्याचा आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांची किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. आतील दोरे उघडे पडलेला किंवा स्थानिक फुगवटा आलेला टायरही या नियमानुसार सुस्थितीतील मानला जात नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील संदर्भ

बुलढाणा जिल्ह्यात कापूस व सोयाबीन ही प्रमुख पिके असून शेतमालाच्या वाहतुकीत ट्रॅक्टर-ट्रॉलीचा मोठा वाटा आहे. हंगाम संपल्यावर अनेक ट्रॉल्या महिनोन्‌महिने उघड्यावर उभ्या राहतात. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. चाक फिरत असताना मेण व ओझोनरोधक पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या ट्रॉलीत ही क्रिया मंदावते. त्यामुळे कमी चाललेला आणि नक्षी शाबूत असलेला टायरही आतून जीर्ण होतो, आणि पुढील हंगामात पूर्ण भार पडताच तो फुटण्याची शक्यता वाढते.

१ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुटा येथे समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा मृत्यू झाला. टायर फुटल्याने अपघात झाल्याचे आरंभी सांगण्यात आले. परंतु परिवहन अधिकाऱ्यांच्या प्राथमिक अहवालानुसार घटनास्थळी टायर फुटल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. टायरविषयीचा निष्कर्ष प्रत्यक्ष खुणा तपासूनच काढावा लागतो, हे या घटनेतून दिसून येते.

निगा

उभी ट्रॉली सावलीत किंवा टायरांवर गोणपाट टाकून ठेवणे, ती ठोकळ्यांवर उचलून चाकांवरील भार कमी करणे आणि हंगामापूर्वी हवेचा दाब तपासणे हे उपाय सोपे व अल्पखर्चाचे आहेत. विद्युत मोटार व वेल्डिंग यंत्राजवळ ओझोन निर्माण होत असल्याने टायर तेथे साठवू नयेत. टायर काळेभोर दिसावे म्हणून जळके ऑईल चोळणे किंवा ते पेट्रोल-रॉकेलने धुणे हानिकारक असते. त्यामुळे संरक्षक थर निघून जातो व रबर फुगते. तपकिरी थरही वारंवार घासून काढण्याची आवश्यकता नसते.

पर्यावरणीय प्रश्न

६पीपीडीची ओझोनशी अभिक्रिया होऊन ६पीपीडी-क्विनोन हा पदार्थ बनतो. टायरच्या झिजेतून तो पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जातो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील कोहो सामन माशांच्या मृत्यूस हा पदार्थ कारणीभूत असल्याचे डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. त्यानंतर या रसायनाला पर्याय शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले. मात्र पर्यायी रसायनानेही टायरला ओझोनपासून तितकेच संरक्षण देणे आवश्यक आहे, अन्यथा प्रवाशांची सुरक्षितता धोक्यात येऊ शकते.