शाकाहार, बी-१२ आणि देहाचे पहारेकरी

मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी आपल्या समाजातील घरांचा आहार ज्वारी-गहू, डाळी, दूध आणि ताक यांवर चालतो. हा आहार सात्त्विक आणि पोषक आहे. मात्र त्यात एका घटकाची उणीव राहू शकते. तो घटक म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते कोणतीही वनस्पती तयार करीत नाही. सूक्ष्मजीवच ते घडवितात. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधातून मिळते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी आढळले. शाकाहारी व्यक्तींत हे प्रमाण अधिक होते.

या कमतरतेने हातापायांना मुंग्या येतात, थकवा जाणवतो, हे अनेकांस ठाऊक असते. रोगप्रतिकाराशी तिचा असलेला संबंध मात्र फारसा कोणी लक्षात घेत नाही. बी-१२ हे सहविकर आहे, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडविणाऱ्या विकरांचा सोबती. ते नसेल तर फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व शरीरात असूनही निरुपयोगी रूपात अडकून पडते, आणि नव्या पेशींसाठी लागणारा डीएनए पुरेसा तयार होत नाही.

रक्तातील टी-पेशी म्हणजे देहाचे पहारेकरी. जंतू ओळखताच त्या काही दिवसांत अनेक पटींनी वाढतात, म्हणून त्यांना ही रसद अत्यावश्यक असते. १९९९ मध्ये जपानमधील एका छोट्या अभ्यासात बी-१२ कमी असलेल्या रुग्णांत रोगग्रस्त पेशी नष्ट करणाऱ्या टी-पेशी कमी दिसल्या. उपचारानंतर त्या वाढल्या. २०१२ मध्ये तेथेच उंदरांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, प्रतिकारशक्तीला स्वतःच्याच देहावर उलटू न देणाऱ्या नियामक टी-पेशी फोलेटवाचून घडतात, पण तगत नाहीत.

यासाठी शाकाहार सोडण्याचे कारण नाही. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असल्या तरी मूग-हरभऱ्यातून फोलेट मिळते. बी-१२ साठी दूध, दही, ताक रोज घ्यावे. वृद्ध, गर्भवती आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी रक्ततपासणी करून घ्यावी. केवळ फोलिक ॲसिडची गोळी घेत राहिल्यास रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी झाकली जाते. औषधातील बी-१२ सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने तयार होते; कॅप्सूलचे आवरण मात्र बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. तेव्हा वेष्टनावरील घटक वाचून, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी निवडावी. व्रत आणि आरोग्य दोन्ही सांभाळता येतात.