फ्रेंच पेस्ट्रीचा वर्ग : आपल्या भट्टीने काय घ्यावे, काय सोडावे

आपल्या बांधवांत बेकरीचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मुंबई-पुण्यापासून अमरावती-अकोल्यापर्यंत पाव, खारी, टोस्ट आणि नानखटाई काढणाऱ्या भट्ट्यांवर आपले कारागीर मोठ्या संख्येने दिसतात. मात्र हे हुनर बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे गेले. त्याचा कागद कधी झाला नाही आणि बाहेरच्या जगात याच हुनराची काय किंमत होते, याची खबर आपल्याला उशिरा लागते.

एक उदाहरण पाहा. पॅरिसमध्ये १८९५ साली स्थापन झालेल्या ल कॉर्दों ब्लू या पाकशाळेत शिकून आलेल्या पूजा धिंग्रा यांनी २०१० साली मुंबईत 'ल फिफ्टीन' हे फ्रेंच पेस्ट्रीचे दुकान काढले. बदामाच्या पिठाची मॅकरॉन ही मिठाई त्यांच्यामुळे मुंबईकरांच्या ओळखीची झाली. पुढे बंगळुरूची लवॉन अकादमी, मुंबईची स्कूल फॉर युरोपियन पेस्ट्री अशा संस्था उभ्या राहिल्या. आता मोठ्या शहरांत एक-दोन दिवसांचे वर्गही भरतात. कामानिमित्त वा फिरायला गेलेला माणूस मध्येच दोन दिवस काढून स्वतःच्या हाताने क्रॉसाँ करून येतो. पॅरिसमध्ये तर पर्यटकांसाठी दोन-तीन तासांचे वर्गही असतात. हौस म्हणून ते ठीक आहे. पण ज्याच्या घरी भट्टी पेटलेली आहे, त्याने पैसे मोजून अशा वर्गाला जावे काय?

आम्ही कापडाचे व्यापारी. शेंदूरजनाघाटला आमचे दुकान आहे. मैदा आणि लोणी हा आमचा विषय नव्हे. परंतु आमच्या बहिणीच्या घरी बेकरी आहे. पाकीटबंद मालाने गावोगावच्या दुकानांत शिरकाव केल्यापासून त्यांची खारी मागे पडत चालली होती. भट्टी बंद करून जागा भाड्याने द्यावी, असे घरात बोलले जात होते. गेल्या हिवाळ्यात मंगलदास मार्केटात माल उचलायला मुंबईला निघालो तेव्हा भाच्याला सोबत घेतले आणि दोन दिवसांच्या एका वर्गात आम्ही दोघांनीही नावे घातली. फी दोघांची मिळून गावाकडच्या कारागिराच्या दोन महिन्यांच्या मजुरीएवढी झाली. वर्गाची जाहिरात करणे हा या लेखाचा हेतू नाही, म्हणून नाव देत नाही.

वर्ग दोन प्रकारचे असतात, हे आधी समजून घ्यावे. एकात शेफ पुढे उभा राहून करून दाखवतो, शिकणारे खुर्चीवर बसून लिहून घेतात. दुसऱ्यात प्रत्येकाला स्वतंत्र ओटा, काटा, लाटणे आणि पीठ मिळते. पहिल्याची फी कमी असते, पण कारागिराला त्याचा उपयोगही कमी. कापड जसे डोळ्यांनी नव्हे तर बोटांनी पारखावे लागते, तसेच हे काम आहे. लोणी किती कडक असावे, हे कोणत्याही वहीत लिहून घेता येत नाही. ते वाकले पाहिजे, मात्र तुटता कामा नये आणि बोटाला तेल लागता कामा नये.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. क्रॉसाँ म्हणजे काय? मैदा, दूध किंवा पाणी, साखर, मीठ आणि खमीर यांचे पीठ मळून थंड करायचे. लोण्याची चौकोनी लादी थापून ती पिठात गुंडाळायची. मग लाटायचे, पत्रासारखी तीन पदरी घडी घालायची, थंड करायचे आणि पुन्हा लाटायचे. अशा तीन घड्या. एका घडीने लोण्याचे तीन थर होतात, दुसरीने नऊ, तिसरीने सत्तावीस. खमीर नसलेल्या फ्रेंच पफ पेस्ट्रीत अशा सहा घड्या असतात आणि लोण्याचे थर होतात ७२९. भट्टीत गेल्यावर पिठातल्या व लोण्यातल्या पाण्याची वाफ होते. लोणी थरांना एकमेकांशी चिकटू देत नाही, वाफ त्यांना उचलते आणि परत न्‌ परत सुटी होते.

हे ऐकत असताना भाचा हळूच म्हणाला, "मामू, ही तर आपली खारीच आहे." मुलगा बरोबर बोलला. आपल्या बेकरीतली खारी याच तत्त्वावर फुलते. लखनौचा वर्की पराठा आणि बाकरखानी यांतही थरांचेच हुनर आहे. वर्गात बाकीचे शिकाऊ लाटताना घामाघूम होत होते. काहींचे लोणी पीठ फाडून बाहेर आले. आमच्या भाच्याची घडी मात्र थानाच्या घडीसारखी कोपऱ्याला कोपरा बसली. शेफबाई दोनदा त्याच्या ओट्यापाशी थांबल्या आणि हा हात कुठे तयार झाला, असे त्यांनी विचारले.

मग फरक कुठे आहे? फरक चरबीत आहे आणि तपमानात आहे. खारीला आपण वनस्पती तूप किंवा पफ मार्जरीन वापरतो. पफ मार्जरीन चाळीस अंशांच्या आसपासही घट्ट राहते, म्हणून वऱ्हाडच्या उन्हाळ्यातसुद्धा खारी निघते. लोणी बत्तीस ते पस्तीस अंशांत वितळते. माणसाच्या तोंडातली उष्णता सदतीस अंशांच्या जवळ असते. त्यामुळे लोणी जिभेवर विरघळून जाते आणि मार्जरीन टाळूला चिकटून राहते. जी गोष्ट भट्टीवर सोयीची, तीच खाताना नडते. किमतीतला सारा फरक इथून निघतो.

तब्येतीचा प्रश्नही आहे. वनस्पतीतील ट्रान्स फॅट हृदयाला घातक ठरल्याने अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपातील त्याची मर्यादा २०२१ साली तीन टक्के आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के केली. जो बांधव अजून सुटा, बिनलेबलचा डबा घेतो, त्याने तो बंद करावा, मग क्रॉसाँ करो अथवा न करो.

तपमानाचे गणित असे. लाटताना लोणी साधारण तेरा ते सोळा अंशांवर असावे. त्याहून थंड असेल तर ते आत तुटते आणि थर खंडित होतात. त्याहून गरम असेल तर पिठात जिरते, मग क्रॉसाँ न होता साधा गोड पाव होतो. खोली वीस अंशांखाली असावी. खमीर फुलवताना सव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर जाऊ नये, नाहीतर भट्टीत जाण्यापूर्वीच लोणी ट्रेमध्ये उतरते. मुंबईच्या वर्गात वातानुकूलित खोली होती. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. म्हणून वऱ्हाडात हे काम वर्षभर करायचे तर निदान एक थंड खोली आणि डीप फ्रीज लागेल. तेवढे भांडवल नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही पहाटे, एवढाच हंगाम धरावा. भाच्याने हाच मार्ग धरला.

खर्चाचा अंदाज असा काढावा. एक किलो मैद्याला थरांसाठी अर्धा किलो लोणी लागते. दूध-पाणी, साखर वगैरे मिळून सव्वादोन किलोच्या आसपास पीठ होते आणि सत्तर ग्रॅमचे सुमारे तीस नग पडतात, कारण कडेची कात्रणे वजा जातात. लोण्याचा आजचा भाव धरून ज्याने त्याने एका नगाचा खर्च काढावा. मजुरी मात्र विसरू नये. घड्यांच्या मध्ये थंड करण्याचा वेळ धरला तर पीठ मळण्यापासून ट्रे निघेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. एक दिलासा असा की २२ सप्टेंबर २०२५ पासून पेस्ट्री, केक व बिस्किटांवरील जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आणि लोण्यावरचाही बारावरून पाचवर आला.

लोणी कोणते, हाही प्रश्न वर्गात निघाला. युरोपातील बिनमिठाच्या लोण्यात किमान ८२ टक्के स्निग्धांश असतो, आपल्याकडे कायद्याने किमान ८० टक्के. दोन टक्क्यांचा फरक छोटा वाटतो, पण तेवढे पाणी कमी असल्याने लादी जास्त लवचिक राहते. परदेशी लोण्याची मात्र जरूर नाही. देशी बिनमिठाचे लोणी नीट थंड केले तर काम देते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

हलालचा मुद्दा आपल्या वाचकांना सर्वांत आधी सुचेल. फ्रेंच पेस्ट्रीत तीन ठिकाणी डोळे उघडे ठेवावे लागतात. काही केक रम किंवा अन्य मद्यात भिजवतात. व्हॅनिलाचा अर्क बहुधा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो, त्याऐवजी शेंग किंवा पावडर मिळते. आणि मूस, चकाकी देणारे ग्लेझ यांत जिलेटिन असते, जे अनेकदा डुकराच्या कातडीचे असते. आम्ही नाव घालतानाच हे विचारले. शेफबाईंनी आमच्या ओट्यावर जिलेटिनऐवजी अगर-अगर ठेवले. रमजानमध्ये आपल्या घरी चायना ग्रासचे पुडिंग होते, तेच हे. त्याने जमलेला पदार्थ जिलेटिनसारखा तोंडात विरघळत नाही, थोडा ठिसूळ लागतो. पण एकदा जमला की तो पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही. जिलेटिन तीस-पस्तीस अंशांतच पाणी होते. वऱ्हाडच्या दुकानात काचेच्या कपाटात काय टिकेल, हे यावरून समजावे. साध्या क्रॉसाँत यातले काहीच नसते. अंडे वरून लावतात, म्हणून पाकिटावर मांसाहाराची खूण करावी लागते. दुधाचा हात फिरवला तर तीही गरज राहत नाही.

याच ओघात एक गैरसमज दूर करावासा वाटतो. १६८३ साली तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा दिला, तो उठल्यावर तिथल्या नानबायांनी तुर्की चंद्रकोर खाऊन टाकण्यासाठी हा पदार्थ काढला, अशी कथा सर्वत्र सांगतात. तिला तत्कालीन पुरावा नाही. ऑस्ट्रियातील किप्फेर्ल हा कोरीच्या आकाराचा पाव वेढ्याच्या कितीतरी आधीपासून होता. ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन गृहस्थाने १८३८-३९ च्या सुमारास पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, तेथून तो फ्रान्समध्ये रुजला आणि लोण्याचे थर त्यात पुढे आले. उलट, ज्या साखरेवर ही सारी मिठाई उभी आहे, ती युरोपात नेली अरबांनी. त्यांच्या भाषेतला 'कैंडी' हा शब्द अरबी 'कंद'मधून आला आहे आणि 'ऑरेंज' हा 'नारंज'मधून.

फ्रान्सच्या दोन गोष्टी मात्र घेण्यासारख्या वाटल्या. तिथे शुद्ध लोण्याचा क्रॉसाँ सरळ आकाराचा आणि मार्जरीनचा वाकडा कोरीसारखा करण्याचा रिवाज आहे, म्हणजे गिऱ्हाईक लांबूनच ओळखतो. टेरिकॉटला सुती म्हणून विकणारे आम्ही बाजारात रोज पाहतो, म्हणून हा रिवाज विशेष आवडला. दुसरे, १९९६ च्या कायद्याने तिथे पाव व पेस्ट्रीचा धंदा करणाऱ्याकडे सरकारमान्य प्रमाणपत्र किंवा तीन वर्षांचा कामाचा अनुभव असावा लागतो. भट्टीवर घालवलेली वर्षे तिथे कायद्याने पात्रता ठरतात.

वर्ग निवडताना काय पाहावे? एका शेफमागे किती शिकाऊ आहेत, हे आधी विचारावे. दहा-बारांपेक्षा जास्त असतील तर हात शिकत नाही. पीठ आदल्या दिवशी वर्गवाल्यांनीच मळून ठेवले असेल तर अर्धे शिक्षण गेले असे समजावे. दोन दिवसांच्या वर्गाचा खरा फायदा हाच, की पहिल्या दिवशी मळलेले आपलेच पीठ दुसऱ्या दिवशी भट्टीत जाते. मापे ग्रॅममध्ये देतात की कपात, हेही विचारावे. शेवटी मिळणाऱ्या छापील प्रमाणपत्राला फार महत्त्व देऊ नये. आणि भट्टी कोणती? वर्गात विजेची भट्टी असते, एका आकड्यावर ठेवली की तिथेच राहते. लाकडाच्या भट्टीत पावाचे घाणे निघाल्यावर ताव उतरत जातो, त्यात क्रॉसाँची जागा शोधावी लागते. भाच्याने घरी येऊन भट्टीचा थर्मामीटर घेतला आणि एकशे नव्वद अंश कधी येतात ते आठवडाभर लिहून काढले. मुंबईत तर उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२५ च्या आदेशानंतर बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगण्यात आले. हा विचार आपल्याकडेही आज ना उद्या करावा लागेल.

आता आमच्या भागाची गोष्ट. वरूड, मोर्शी, शेंदूरजनाघाट हा संत्र्याचा पट्टा. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेल्यापासून बागायतदार अडचणीत आहे आणि चुरी, म्हणजे लहान फळ, मातीमोल जाते. फ्रेंच पेस्ट्रीत साखरेत मुरवलेली संत्र्याची साल फार चालते. ती करण्याची रीत म्हणजे आपला मुरब्बाच : साल दोन-तीन पाण्यांत उकळून कडूपणा काढायचा आणि रोज थोडा थोडा पाक घट्ट करत न्यायचा, म्हणजे साखर सालीत शिरते आणि साल आकसत नाही. नागपुरी संत्र्याची साल पातळ व सैल असते, त्यामुळे जाड पट्ट्या निघत नाहीत. बारीक चिरून क्रॉसाँच्या पोटात किंवा नानखटाईत घालायला मात्र ती उत्तम. सालीचा वास लोण्यात उतरतो, वेगळे इसेन्स लागत नाही.

आंबिया बहाराची फळे नोव्हेंबर-डिसेंबरात येतात आणि भाच्याचा थंडीचा हंगामही तोच. यंदा त्याने पहिल्यांदा चाळीस किलो चुरी घेतली. क्रॉसाँ रोज एकच ट्रे निघतो, वरूडच्या दोन दुकानांत जातो. संत्र्याच्या सालीची नानखटाई मात्र खारीच्या बरोबरीने खपू लागली आहे. भट्टीची जागा भाड्याने देण्याचे बोलणे तूर्त थांबले आहे. उन्हाळ्यात थंड खोलीसाठी कर्ज काढायचे की नाही, याचा निर्णय मार्चअखेरचा हिशेब पाहून घ्यायचा, असे बहिणीने ठरवले आहे.