बाटली तीच, मग वास वेगळा का?

उन्हाळा आला की सातारा-सांगलीकडच्या घरांत वर्षाच्या कांदा-लसूण मसाल्याची तयारी सुरू होते. मिरची, धने, खोबरे यांच्याबरोबर मूठभर दगडफूलही त्यात पडते. एखाद्या वर्षी तेवढेच राहून गेले, तर जेवणारा विचारतो, ''यंदा मसाल्याला नेहमीचा वास का नाही?'' सेंट वापरणाऱ्यांचीही अशीच तक्रार असते. नाव तेच, बाटली तीच, पण पूर्वीचा वास राहिला नाही. हा मनाचा खेळ आहे, की खरेच काही बदलले आहे?

'शालिमार' या स्त्रियांसाठीच्या प्रसिद्ध सेंटचे उदाहरण घेऊ. फ्रान्समधील झाक गेर्लाँ यांनी ते तयार केले आणि १९२५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ते जगापुढे आले. मोगल काळातील शालिमार बागेवरून त्याला हे नाव मिळाले. त्याच्या उबदार, गोडसर वासाला सुगंधतज्ज्ञ 'अ‍ॅम्बर' म्हणतात. देवमाशापासून मिळणारा अंबर तो हा नव्हे. व्हॅनिला, लॅब्डॅनम नावाचा एका झुडपाचा चीक आणि ऊद यांच्या मिश्रणाला हे नाव पडले आहे. यातला ऊद आपल्या चांगल्या ओळखीचा. मिरजेच्या दर्ग्यात असो वा घरच्या धुपाटण्यात, निखाऱ्यावर ऊद पडला की जो गोड दरवळ येतो, तो या वासाचा जवळचा नातेवाईक आहे. उदातही थोडे व्हॅनिलिन असते.

व्हॅनिलिन हा व्हॅनिलाच्या शेंगेतील मुख्य सुगंधी पदार्थ. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तो पाइन वृक्षातील एका द्रव्यापासून तयार केला. पुढे त्याच्या रेणूतील मिथॉक्सी गटाच्या जागी इथॉक्सी गट बसवून इथाइल व्हॅनिलिन तयार झाले. एवढ्याशा बदलाने वासाची तीव्रता सुमारे तिप्पट झाली. शालिमारची गोडी मुख्यतः याच पदार्थाची.

पण सेंटमधील सगळे पदार्थ एकाच वेगाने उडत नाहीत. वर्गात हे सहज दाखवता येईल. गाळणकागदाच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर लिंबाची साल पिळा, दुसरीवर खाण्याच्या व्हॅनिला इसेन्सचा थेंब टाका. पाच मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या दिवशी वास घेऊन नोंद करा. लिंबाचा वास लवकर विरतो, व्हॅनिलाचा टिकून राहतो. शालिमारमध्येही सुरुवातीचा ताजा वास बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतील तेलाचा असतो आणि मागे उरते ती व्हॅनिलाची ऊब.

आता बदलाकडे वळू. बर्गमॉटच्या तेलात बर्गॅप्टेन नावाचा सोरॅलेन गटातील पदार्थ असतो. आयुर्वेदात कोडावर वापरतात त्या बावचीच्या बियांतही सोरॅलेन असते. हे पदार्थ त्वचेवर असताना ऊन लागले, तर अतिनील किरणांमुळे ते पेशींतील डीएनएला जोडले जातात. त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे काळपट डाग राहतात. सेंटचे ओघळ मानेवर जिथे गेले, तिथे असे पट्टे उमटलेले डॉक्टरांनी पाहिले होते. म्हणून सुगंधउद्योगाने या पदार्थावर मर्यादा घातली आणि बर्गॅप्टेन काढून टाकलेले तेल वापरात आले. (वरील प्रयोगानंतर विद्यार्थ्यांना साबणाने हात धुवायला सांगावे, ते याच कारणाने.)

दुसरे उदाहरण आपल्याला पुन्हा मसाल्याकडे नेते. दगडफूल म्हणजे शैवाक, कवक आणि शैवल यांचा एकत्र संसार. महाबळेश्वरच्या झाडांच्या खोडांवर शैवाके सहज पाहायला मिळतात. युरोपात ओक वृक्षावर वाढणाऱ्या अशाच एका शैवाकाचा अर्क गेर्लाँ यांच्याच १९१९ मधील 'मित्सुको' या सेंटचा कणा होता. पण या अर्कात अ‍ॅट्रॅनॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल हे पदार्थ असतात. त्यांचे लहान रेणू त्वचेतील प्रथिनांना चिकटतात. शरीराची संरक्षणयंत्रणा त्यांना परके समजते आणि ही ओळख सहसा आयुष्यभर विसरत नाही. पुढे अत्यल्प मात्राही पुरळ उठवते. युरोपीय संघाने २०१७ मध्ये या दोन्ही पदार्थांवर बंदीचा नियम केला आणि ऑगस्ट २०२१ पासून ते असलेली सौंदर्यप्रसाधने तेथे विकता येत नाहीत. हे पदार्थ वेगळे काढलेला अर्क वापरता येतो. मात्र तो मूळ अर्कासारखा हुबेहूब नसतो. म्हणून मग सगळे मिश्रणच पुन्हा जुळवावे लागते.

तेव्हा तक्रार खोटी नाही. तरीही जपून ठेवलेली जुनी बाटली आणि नवी बाटली शेजारी ठेवून निकाल देणे बरोबर होणार नाही. जुन्या बाटलीतील लिंबूवर्गीय तेलांचे हवेतील ऑक्सिजनने ऑक्सिडीकरण झालेले असते, व्हॅनिलिनने द्रव गडद झालेला असतो. तीही मूळची राहिलेली नसते. शिवाय आपली आठवण हे काही मोजमापाचे साधन नव्हे. खरी तुलना करायची, तर जुन्या कृतीने ताजे मिश्रण बनवले पाहिजे. फ्रान्समध्ये व्हर्साय येथे १९९० मध्ये सुरू झालेली 'ऑस्मोतेक' ही संस्था हेच काम करते. बंद पडलेली सेंटे जुन्या कृतींनुसार बनवून ती थंड जागी, आर्गॉन वायूखाली जपली जातात.

युरोपात शंभरातील एक ते तीन माणसांना सुगंधी पदार्थांची अ‍ॅलर्जी असल्याचा अंदाज आहे. एवढ्यांसाठी सर्वांचा आवडता वास बदलावा का? आईच्या साडीला येणारा वास पुन्हा मिळत नाही, याचे दुःख खरे आहे. आणि त्याच वासाने जिच्या मानेवर कायमचे पुरळ आले, तिचेही. विद्यार्थ्यांना दोन्ही बाजू मांडायला सांगाव्यात. मात्र बोलण्याआधी त्यांनी पट्ट्यांवरच्या आपल्या नोंदी समोर ठेवाव्यात.