तुम्ही जिवंत आहात कशावरून?

हा प्रश्न कोणी चारचौघांत विचारला, तर आपण विचारणाऱ्याच्याच प्रकृतीची चौकशी करू. पण सरकारी पेन्शन घेणाऱ्या मंडळींना दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात नेमका हाच प्रश्न विचारला जातो, आणि त्याचे उत्तर पुराव्यासह द्यावे लागते. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आमच्या छत्रपती संभाजीनगरातील निवृत्त मंडळी हयातीच्या दाखल्याच्या मागे लागतात.

पूर्वी हे काम सोपे होते. साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले, की साहेब चष्म्यावरून पाहत आणि सही ठोकत. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ सुरू केले, आणि साहेबांच्या चष्म्याची जागा काड्यापेटीएवढ्या एका यंत्राने घेतली. त्यावर अंगठा ठेवायचा, की दाखला तयार!

आता आपणांस वाटेल, की अंगठ्याचा छाप तारेवरून जातो, तर तो वाटेत कोणी पळवणार नाही कशावरून? शंका रास्त आहे. अशा प्रत्येक निरोपाला तीन प्रश्न विचारावे लागतात : पाठवणारा खरा कोण? वाटेत कोणी वाचले का? आणि वाटेत कोणी बदलले का?

ह्यातला तिसरा प्रश्न आपल्या पूर्वजांना चांगला ठाऊक होता. मराठेशाहीतील पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला की खाली मोर्तब असे. हेतू हा, की त्याखाली कोणी एक ओळही घुसडू नये. लांबलचक कागद चिकटवून जोडलेला असला, तर पाठीमागे सांध्यांवरही शिक्के मारीत. आपण आज सहज ‘शिक्कामोर्तब’ म्हणतो, त्या शब्दाच्या पोटात एवढी सावधगिरी दडलेली आहे.

अंगठ्याच्या यंत्रातही हेच चालते. छाप घेतल्याबरोबर यंत्र त्याचे गुप्त लिपीत रूपांतर करते, आणि त्यासाठी दर खेपेस नवी किल्ली बनवते. ती किल्ली पुन्हा दुसऱ्या पेटीत बंद होते. ह्या पेटीची गंमत अशी, की ती कुलूपबंद कोणालाही करता येते, पण उघडण्याची किल्ली एकट्या आधार प्राधिकरणाजवळ असते. वर गणिती शिक्का बसतो; मजकुरातले एक अक्षर जरी हलले, तरी शिक्का जुळत नाही. पलीकडे छाप ताडून पाहतात आणि उत्तर येते ते एवढेच : ‘हो’ किंवा ‘नाही’.

ह्या साऱ्या व्यवस्थेचा पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला, हेही ध्यानात असू द्यावे.

पण ‘नाही’ आले तर? माझ्या मावशीला हा अनुभव आला. वय ब्याऐंशी. यजमान टपाल खात्यात होते. त्यांच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनीवर तिचा औषधपाण्याचा खर्च चालतो. दाखल्यासाठी मी तिला एका केंद्रावर नेले. पाच वेळा अंगठा ठेवला, पाचही वेळा ‘नाही’. साठ वर्षे भाकऱ्या थापून आणि भांडी घासून त्या बोटांवरच्या रेषा कधीच पुसून गेल्या होत्या. मावशी म्हणाली, “अरे, मी आहे हे मला ठाऊक, तुला ठाऊक. ह्या डबीला आता कोणी सांगायचे?”

सुदैवाने नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला मिळतो. घरी येऊन माझ्या मुलीने मोबाइल समोर धरला, मावशीने सांगितल्याप्रमाणे डोळे मिचकावले, आणि मिनिटाभरात मावशी सरकारदरबारी जिवंत झाली. डोळे मिचकावायचे कशासाठी? तर समोर माणूस आहे, छायाचित्र नव्हे, अशी यंत्राची खात्री पटावी म्हणून.

ह्यात एक मोठे तत्त्व आहे. पहारेकऱ्याच्या हातून चुका दोन तऱ्हेच्या होतात : खोट्याला आत सोडणे आणि खऱ्याला बाहेर ठेवणे. एक कमी करायला जावे, तर बहुधा दुसरी वाढते. म्हणून चांगल्या व्यवस्थेला दुसरा दरवाजा हवाच. बोट चालले नाही तर डोळ्याची बुबुळे, नाही तर चेहरा, आणि काहीच जमले नाही तर अधिकाऱ्याच्या सहीचा जुना कागदी दाखला. हा मार्ग आजही खुला आहे. यंत्र ‘नाही’ म्हणाले म्हणून कोणीही हताश होऊन घरी परतू नये.

आणि दुसऱ्या बाजूचे काय? आमच्या शहराजवळच देवगिरीचा किल्ला आहे. खोल खंदक, अणकुचीदार खिळ्यांचे दरवाजे आणि वाट चुकवणारी अंधारी. परंतु १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीच्या वेढ्यात यादवांचा घात मिठाने केला, अशी कथा सांगतात. धान्य समजून घाईघाईने ज्या गोण्या किल्ल्यावर चढवल्या, त्यांत मीठ निघाले! गोणी आत आली. ती उघडून मात्र कोणी पाहिली नाही.

आजचे भामटेही तटबंदी फोडण्याच्या फंदात पडत नाहीत. ते फोन करतात : “आजोबा, तुमच्या हयातीच्या दाखल्याची मुदत संपली, पेन्शन बंद होईल, मोबाइलवर आलेला आकडा तेवढा सांगा.” आवाज गोड, नाव-गाव अचूक. आजोबा आकडा सांगतात, आणि खाते रिकामे होते. गुप्त लिपी तेथे काय करणार? किल्लीच मालकाने हाती दिली! म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना दोन गोष्टी सांगून ठेवा. फोनवर आलेला आकडा कोणालाही, अगदी बँकेचे नाव सांगणाऱ्यालाही, द्यायचा नाही. आणि फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० ह्या क्रमांकावर कळवायचे. जितकी त्वरा, तितकी पैसे अडवण्याची आशा अधिक.

कुलपे गणिताने कितीही पक्की केली, तरी किल्ली शेवटी माणसाच्याच कमरेला असते. ती जपण्याइतकी सावधगिरी आणि दारात अडलेल्या खऱ्या माणसाला आत घेण्याइतकी माणुसकी, ह्या दोन्ही गोष्टी ज्या घरात, ज्या कचेरीत नांदतील, तेथील माणसे खऱ्या अर्थाने सुरक्षित म्हणावयाची.