नीरेचं पाणी, माणचा माळ आणि पंढरीची वाट

श्रीपूरचा पत्ता सांगणं सोपं आहे: तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर. पण श्रीपूर कोणत्या मुलखात येतं, असं विचारलं की उत्तर लांबतं. महसुली भाषेत ते पश्चिम महाराष्ट्रात. पाऊस मोजणाऱ्याच्या लेखी पर्जन्यछायेत. ऊसवाल्यांच्या बोलण्यात नीरा उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात, तर वारकऱ्यांच्या हिशेबात ते पंढरीच्या वाटेवर. यातलं एकही उत्तर चुकीचं नाही. मुलूख ठरतो कशावरून, हे समजून घ्यायचं असेल तर श्रीपूरसारखी जागा म्हणूनच फार मोलाची आहे.

फर्नां ब्रोदेल या फ्रेंच इतिहासकाराने १९४९ साली भूमध्य समुद्राच्या प्रदेशावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. राजांच्या सरहद्दी त्याने बाजूला ठेवल्या आणि ऑलिव्हचं झाड उत्तरेला कुठवर तग धरतं हे पाहिलं. डोंगर, हवा, पीक, जहाजांच्या वाटा आणि या सगळ्यांतून घडलेली राहणी हा त्याच्या प्रदेशाचा पाया. आपल्याकडे इरावती कर्वे यांनी महाराष्ट्राकडे असंच पाहिलं: जमीन, नातीगोती, दैवतं आणि चालणारी माणसं एकत्र धरून. पंढरीची वारी त्या स्वतः चालल्या, म्हणून त्यांच्या लिखाणातला महाराष्ट्र पायाखालचा वाटतो.

श्रीपूरच्या भोवतीचा भूगोल आधी पाहू. तालुक्याच्या उत्तरेने नीरा वाहते, पूर्वेने भीमा, आणि नरसिंहपूरला दोघींचा संगम होतो. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस इथे येईपर्यंत आटून जातो. वर्षाला साधारण पाच-सहाशे मिलिमीटर, आणि तोही बेभरवशाचा. जे काही पडतं त्यातला मोठा वाटा परतीचा. त्यामुळे इथलं मूळ पीक रब्बीची ज्वारी. काळ्या रानात ओल धरून ठेवायची आणि थंडीवर कणीस भरू द्यायचं, ही इथली जुनी शेती. मंगळवेढ्याच्या ज्वारीला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच परंपरेमुळे.

तालुक्यातच दक्षिणेला पिलीवच्या बाजूने निघालं की रान बदलतं. माती पातळ होते, खडक वर येतो, बाभळी आणि बोरी वाढतात. पुढे सांगोला, आटपाडी, म्हसवड: हा माणदेश. मेंढरं, खिल्लार बैल, घोंगडं आणि पाऊस संपला की जगायला बाहेर पडणं. व्यंकटेश माडगूळकरांनी हा मुलूख मराठी वाचकाच्या मनात कायमचा बसवला. एरवी ‘दुष्काळी पट्टा’ एवढ्यावरच त्याची बोळवण झाली असती. मुलखाला नाव असणं वेगळं आणि त्याला साहित्य असणं वेगळं. माणदेशाला दोन्ही लाभलं. नीराकाठच्या बागायतीला तसं साहित्य अजून मिळालेलं नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

कारण या बागायतीची कहाणी विलक्षण आहे. ब्रोदेलची ऑलिव्हची सीमा शतकानुशतकं जागची हलली नाही. इथली ज्वारीची सीमा एका पिढीत हलली. भोरजवळ भाटघरचं नवं धरण १९२० च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झालं आणि नीरेच्या उजव्या कालव्याने पाणी माळशिरसच्या रानात आलं. पाठोपाठ १९३२ मध्ये सरकारने देशी साखरेला आयातीपासून संरक्षण दिलं. पाणी आणि बाजार एकदम हाताशी आले. सासवडच्या माळी समाजातले बागाईतदार इकडे येऊन ऊस करू लागले, आणि त्यांनी स्वतःचा साखर कारखाना उभा केला, ते माळीनगर. भोरचेच चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली; तिचा कारखाना श्रीपूरला झाला. पाणीही भोरकडचं, माणूसही भोरचा! आज श्रीपूरच्या पत्त्यावर पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे, आणि शेजारच्या महाळुंगसह गावाची नगरपंचायत झाली आहे.

म्हणजे जे आज आपण इथलं ‘नैसर्गिक’ धरतो, ते हिरवं रान, गुऱ्हाळं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाटाच्या पाळीसाठी रात्री बॅटरी घेऊन बांधावर जागणारा शेतकरी, ते सगळं शंभर वर्षांच्या आतलं आहे. पाळी आली की चारीचं दार उघडायचं, एकेक सरी भरत न्यायची, आणि वरच्याने पाणी फोडलं तर अंधारातच भांडण. भूगोल माणसाला घडवतो हे खरं. इथे माणसाने भूगोल घडवला, आणि मग त्या भूगोलाने पुन्हा माणसाच्या सवयी, सोयरिकी आणि राजकारण घडवलं.

मग हे वेगवेगळे मुलूख एकत्र कशाने बांधले गेले? माझं उत्तर आहे: वाटांनी. ज्ञानोबांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी येते. तुकोबांची पालखी अकलूजहून निघते, माळीनगरला उभं रिंगण होतं, मग महाळुंग-श्रीपूरवरून बोरगावला मुक्काम. पुढे पिराची कुरोली, वाखरी आणि पंढरपूर. चैत्रात माणसं उलट दिशेने चालतात, शिखर शिंगणापूरला. सासवडकडून तेल्याभुत्याची कावड येते आणि मुंगी घाट चढते. ज्या सासवडहून ऊस आला, त्याच बाजूने ही कावड त्याच्या कितीतरी आधीपासून येते आहे. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात हेच दाखवलं, की महाराष्ट्रातल्या प्रदेशांची जाणीव अशा यात्रांमधून आणि कावडींमधून तयार होते. रा. चिं. ढेरे यांनी त्याआधी विठ्ठलाचं मूळ धनगर-गवळ्यांच्या दैवतांत शोधलं होतं. ते मान्य केलं तर माणचा माळ आणि भीमेचं वाळवंट हे एकाच सांस्कृतिक मुलखाचे दोन काठ ठरतात.

आषाढात ज्या रस्त्याने तुकोबांची पालखी जाते, त्याच रस्त्याने दिवाळीनंतर उसाच्या गाड्या जातात. गव्हाणीत मोळी पडली की हंगाम सुरू. मराठवाड्यातून, विशेषतः बीडकडून, टोळ्या येतात. मुकादमाची उचल अंगावर घेऊन नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या थंडीत फड तोडायचा, मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरायची, वाढं विकून चार पैसे करायचे, पाचटाच्या कोपीत मुलं सांभाळायची. वर्षातले चार-पाच महिने ही माणसं या मुलखात राहतात, आणि त्यांच्या श्रमाशिवाय तो चालत नाही.

असं असूनही आपल्या प्रदेशाच्या व्याख्येत ती कुठेच येत नाहीत. वारकऱ्याचा मुक्काम गावाच्या अभिमानाचा विषय होतो. कोपीचा होत नाही. प्रदेश जर वाटांनी घडतो, तर कोयत्याची वाट ही आपल्या मुलखाची तितकीच सख्खी वाट आहे. गावोगावच्या स्मरणिका, कारखान्यांचे सुवर्णमहोत्सवी अंक, शाळेत शिकवला जाणारा स्थानिक इतिहास यांत संस्थापक आणि संत येतात, ते यायलाच हवेत. त्यांच्या शेजारी तोडणीच्या टोळ्यांची गावं, त्यांच्या ओव्या आणि त्यांच्या मुलांच्या शाळेची हकिगतही लिहून घ्या. दिवाळी झाली की टोळ्या येऊ लागतील. त्यांच्याकडून ती ऐकायला हाच हंगाम योग्य आहे.