पडीक म्हणून गणलेले माळरान

वैशाखात सोलापूर किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील माळावर उभ्या राहिलेल्या माणसाला तेथे जपण्यासारखे काहीच दिसत नाही. मुरमाड जमीन, पिवळे पडलेले गवत आणि मधूनच एखादी बोर किंवा बाभूळ. मृगाच्या सरी पडल्या की तोच माळ आठवडाभरात हिरवा होतो. कुसळी, मारवेल, पवन्या ही गवते वर येतात, त्यांच्यावर किडे येतात आणि पाठोपाठ चंडोल, धाविक, काळवीट, चिंकारा, खोकड व लांडगा यांचा संसार सुरू होतो.

ही राने म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे. सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेच्या प्रदेशात पाऊस कमी आणि मातीचा थर पातळ असतो. तेथे दाट अरण्य वाढत नाही. गवत हीच त्या भूमीची स्वाभाविक वनश्री होय. परंतु सरकारी दफ्तरात अशा जमिनीचा मोठा भाग आजवर ‘पडीक’ म्हणून नोंदला गेला. पडीक जमिनीचा काहीतरी ‘उपयोग’ करावा, असे वाटणे त्यातूनच आले.

माळावरचा पाऊस कधीही सर्वत्र सारखा पडत नाही. एका गावाच्या शिवारात ओढा वाहतो, तर शेजारच्या गावात धूळ उडत असते. या अनिश्चिततेवर माळावरच्या जीवांनी शोधलेला उपाय एकच, तो म्हणजे चालत राहणे. जिथे सर कोसळली तिथे काळविटांचा कळप जातो आणि त्यांच्या मागावर लांडगा एका रात्रीत कित्येक कोस तुडवतो. दुष्काळी भागातील धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाची वाट धरतो, त्यामागेही हेच शहाणपण आहे.

हवामान बदलल्यामुळे ही अनिश्चितता अधिक तीव्र होत आहे. पावसाचे दिवस कमी होतात, दोन पावसांतील खंड लांबतो आणि मग एकाच दिवशी महिन्याचा पाऊस कोसळतो. उन्हाळ्याचा दाहही वाढतो. अशा काळात वन्यजीवांना पूर्वीपेक्षा अधिक दूर जाण्याची गरज आहे आणि नेमक्या याच काळात त्यांचे मार्ग बंद होत आहेत. कालवा, उसाचे फड, रुंदावलेला महामार्ग, भूखंडांची तारकुंपणे आणि गोदामे यांपैकी प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर निरुपद्रवी वाटते. एकत्र आल्यावर मात्र त्या विस्तीर्ण माळाचे लहान लहान तुकडे करतात.

कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य काळविटांसाठी राखलेले आहे. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर असून भोवती शेती आहे. पाऊस लांबला आणि आतले गवत संपले की काळविटे पिकात शिरतात. त्यात शेतकऱ्याचे नुकसान होते आणि हरणांवर रोष ओढवतो. पुणे शहराजवळच्या माळरानांतील लांडग्यांवर वेगळेच संकट आले आहे. वस्ती माळाला भिडली, तशी मोकाट कुत्रीही तेथे पोहोचली. लांडगा आणि कुत्रा यांच्यात संकर झाल्याचे पुरावे जनुकीय तपासणीत मिळाले आहेत.

सर्वांत करुण कथा माळढोकाची आहे. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले. कागदावर त्याचे क्षेत्र सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होते. त्या हद्दीत अनेक गावे व शेते येत असल्याने पुढे ते सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. प्रत्यक्षात गवताळ कुरणे म्हणजे त्यात विखुरलेली छोटी बेटेच होती. माळढोकाची मादी एका हंगामात बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. अवेळी अतिवृष्टीने ते अंडे गेले तर ते वर्षच वाया जाते. नान्नजला आज हा पक्षी क्वचितच दृष्टीस पडतो. देशात त्याची संख्या दीडशेहूनही कमी उरली असून बहुतेक पक्षी राजस्थानच्या वाळवंटी गवताळ प्रदेशात आहेत.

राजस्थानात एक अवघड पेच उभा राहिला आहे. हवामानबदल रोखण्यासाठी सौर व पवनऊर्जा हवी, आणि तिच्या वीजवाहिन्या नेमक्या माळढोकाच्या आकाशातून जातात. या जड पक्ष्याला समोरचे कमी दिसते. तार जवळ येईपर्यंत त्याला ती उमगत नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्य तेथे या वाहिन्या जमिनीखालून नेण्याचे निर्देश दिले. मार्च २०२४ मध्ये स्वच्छ ऊर्जेची निकडही लक्षात घेऊन न्यायालयाने तो आदेश बदलला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. दोन्ही बाजूंना सत्य आहे, म्हणूनच प्रकल्पाची जागा निवडताना सुरुवातीलाच विवेक करणे आवश्यक ठरते.

हा विवेक केवळ न्यायालयाचा किंवा वनखात्याचा विषय नाही. जमीन घेणारा, गोदाम बांधणारा आणि सौरप्रकल्पात पैसा गुंतवणारा व्यापारीही येथे निर्णय घेत असतो. आधीच बांधकाम झालेल्या जागेवर, गोदामाच्या छपरावर सौरपट्ट्या बसवल्या तर माळाचा एक तुकडा वाचतो. कुंपण घालताना ओढ्याकाठची वाट मोकळी ठेवली तर दोन कुरणे जोडलेली राहतात. वाडवडिलांच्या स्मरणार्थ झाडे लावण्याची प्रथा स्तुत्य आहे. पण ती झाडे गावठाणात, शाळेच्या आवारात किंवा रस्त्याकडेला लावावीत. माळावर ओळीने लावलेली झाडे गवत झाकोळतात आणि मोकळ्या मैदानात दूरवर पाहून जगणाऱ्या पक्ष्यांना तेथून हुसकावतात. शुभ हेतूनेही एखाद्याचे घर मोडू शकते.

पुढच्या मृगात पाऊस कुठे पडेल, हे कोणालाच सांगता येणार नाही. तो जिथे पडेल तिथवर काळविटांच्या कळपाला पोहोचता यावे, एवढी वाट मात्र माणसाला राखता येईल.