चिखलीचा व्यवसाय आणि सर्च इंजिनवरील जाहिरात : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बुलढाणा जिल्ह्यातील चिखली हे सोयाबीन आणि कापूस पिकवणाऱ्या पट्ट्यातील तालुक्याचे गाव असून तेथील व्यापार मुख्यतः भोवतालच्या खेड्यांतून येणाऱ्या ग्राहकांवर चालतो. हा ग्राहक ट्रॅक्टरचा सुटा भाग, दाताचा डॉक्टर किंवा लग्नासाठी मंगल कार्यालय शोधताना आता घरूनच मोबाइलवर चौकशी करून निघतो, आणि म्हणून येथील अनेक व्यावसायिक स्वतःचे संकेतस्थळ तयार करून घेऊ लागले आहेत. संकेतस्थळ तयार झाले की ते ‘गुगलवर वर आणून देणाऱ्या’ सेवापुरवठादारांशी गाठ पडते. या व्यवहारात होणारे नुकसान प्रत्येक वेळी उघड फसवणुकीमुळे होते असे नाही. सर्च इंजिन कसे चालते याविषयी दोन्ही बाजूंना असलेल्या चुकीच्या समजुती त्याला बहुधा अधिक कारणीभूत ठरतात.

सर्वांत खोलवर रुजलेली समजूत अशी की गुगलला जाहिरातीचे पैसे दिले की संकेतस्थळ शोधनिकालांत कायमचे वर जाते. वास्तविक सर्च इंजिनच्या पानावर दोन स्वतंत्र गोष्टी शेजारी मांडलेल्या असतात. ‘प्रायोजित’ अशी खूण असलेल्या ओळी या जाहिराती असतात आणि त्यांवर कोणी क्लिक केले की जाहिरातदाराच्या खात्यातून रक्कम कापली जाते. बाकीचे निकाल हे नैसर्गिक निकाल, ज्यांचा क्रम पानावरील मजकूर, त्याची उपयुक्तता, इतर संकेतस्थळांनी त्याला दिलेले दुवे अशा अनेक निकषांवर सर्च इंजिनची प्रणाली ठरवते आणि ज्यांवरील क्लिकसाठी काहीही आकारले जात नाही. पहिल्या भागासाठी केलेल्या खटपटीला सर्च इंजिन मार्केटिंग आणि दुसऱ्यासाठी केलेल्या कामाला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन म्हणतात. जाहिरातीवरील खर्चाचा नैसर्गिक क्रमावर परिणाम होत नाही, ही गुगलची जाहीर भूमिका आहे. म्हणजेच जाहिरात थांबली की त्या जागेवरचे दिसणेही त्याच क्षणी थांबते. नैसर्गिक निकालांची मांडणी मात्र पूर्णतः निःपक्ष असते, असेही मानण्याचे कारण नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 8 फेब्रुवारी 2018 रोजी शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल गुगलला 135.86 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता आणि त्याविरुद्ध गुगलने अपील केले. तो आक्षेप गुगलने निकालांच्या पानावर स्वतःच्या सेवांना दिलेल्या जागेविषयी होता. एखाद्या दुकानदाराने पैसे भरून नैसर्गिक क्रम विकत घेतल्याविषयी नव्हता.

दुसरी समजूत पहिलीतूनच निघते : जो जास्त बोली लावेल त्याची जाहिरात वर. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात सोयाबीनच्या ढिगाऱ्यावर सर्वांत चढा भाव देणाऱ्याला माल मिळतो, तसाच हा लिलाव असावा असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु येथे केवळ भावावर सौदा ठरत नाही. गुगलने ही जाहिरातसेवा ऑक्टोबर 2000 मध्ये ॲडवर्ड्स या नावाने सुरू केली, 2018 मध्ये तिचे नाव गुगल ॲड्स झाले, आणि प्रत्येक शोधाच्या वेळी क्षणार्धात होणाऱ्या तिच्या लिलावात बोलीच्या रकमेबरोबरच जाहिरातीचा दर्जा मोजला जातो. त्या जाहिरातीवर लोक क्लिक करण्याची शक्यता किती, शोधलेल्या शब्दांशी जाहिरात किती जुळते आणि क्लिकनंतर उघडणारे पान, ज्याला लँडिंग पेज म्हणतात, ते वाचकाच्या कितपत उपयोगाचे आहे, या तीन बाबी त्यात विशेष महत्त्वाच्या असतात. यामुळे कमी बोली लावणारा पण नेमका मजकूर आणि झटकन उघडणारे पान असलेला लहान दुकानदार मोठ्या खर्चाच्या स्पर्धकापेक्षा वर दिसू शकतो. मोबाइलवर रेंगाळत उघडणारे, किमतीचा किंवा दूरध्वनी क्रमांकाचा पत्ता नसलेले पान तसेच ठेवून केवळ बोली वाढवण्याचा सल्ला देणारा सेवापुरवठादार ग्राहकाचे पैसे चुकीच्या जागी ओतत असतो.

चिखलीच्या बाबतीत खरी अडचण याहून वेगळी आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. चिखली नावाची गावे एकाहून अधिक आहेत. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीतील चिखली हा दाट वस्तीचा आणि कारखान्यांचा भाग आहे, गुजरातच्या नवसारी जिल्ह्यात चिखली नावाचा तालुका आहे, आणि रोमन लिपीत हे नाव लिहिताना ‘ख’नंतर कोणी स्वर घालतो, कोणी घालत नाही. अशा स्थितीत जाहिरातीचे क्षेत्र ‘महाराष्ट्र’ असे निवडून ‘चिखली हार्डवेअर दुकान’ हा कीवर्ड, म्हणजे ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसावी तो शब्दसमूह, लावला तर पिंपरी-चिंचवडमधील रहिवाशाने आपल्या परिसरातील दुकान शोधतानाही बुलढाण्याची जाहिरात त्याच्यासमोर येऊ शकते. त्याने क्लिक केले की पैसे कापले जातात, मात्र तो ग्राहक कधीही येणार नसतो. नको असलेले शब्द वगळण्याची सोय, जिला निगेटिव्ह कीवर्ड म्हणतात, येथे अर्धीच उपयोगी पडते, कारण पुण्याजवळचा माणूस शोधताना ‘पुणे’ किंवा ‘पिंपरी’ हा शब्द टाइप करतोच असे नाही.

यावरचा खरा उपाय शब्दांपेक्षा स्थानाच्या निवडीत आहे. गुगल ॲड्समध्ये एखाद्या बिंदूभोवती ठरावीक किलोमीटरचे वर्तुळ आखून तेवढ्याच भागात जाहिरात दाखवता येते आणि नको असलेली शहरे वगळता येतात. त्याच ठिकाणी आणखी एक खाच आहे : मूळ रचनेत ही सेवा त्या भागात असलेल्यांबरोबरच त्या भागात ‘रस’ दाखवणाऱ्या दूरच्या लोकांनाही जाहिरात दाखवते, आणि हा पर्याय हाताने बदलून ‘त्या भागात प्रत्यक्ष असलेले किंवा नियमित येणारे’ एवढ्यांपुरता मर्यादित करावा लागतो. ज्या मंगल कार्यालयाला मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या, पण लग्न गावाकडे करू इच्छिणाऱ्या कुटुंबांपर्यंत पोहोचायचे आहे त्याला मूळ पर्याय योग्य ठरेल. खत-बियाण्यांच्या दुकानाला तो तोट्याचा आहे. दोन्ही व्यवसायांना एकच साचा लावणाऱ्याला हा फरक कळलेला नसतो.

गाव लहान असल्याने आणखी एक गोष्ट घडते. ‘चिखली’ हे नाव घातलेला फार नेमका कीवर्ड महिन्यातून जेमतेम कोणी शोधत असेल, तर प्रणाली त्यावर ‘शोधांचे प्रमाण कमी’ असा शेरा मारून त्या कीवर्डवर जाहिरात दाखवणे थांबवते. म्हणूनच येथे गावाचे नाव नसलेले साधे शब्द, जसे ‘ठिबक सिंचन साहित्य’ किंवा ‘दातांचा दवाखाना’, मर्यादित वर्तुळात वापरणे अधिक फलदायी ठरते, आणि ते देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत विचारात घ्यावे लागतात, कारण एकच ग्राहक आज बोलून मराठीत शोधतो आणि उद्या तीच मराठी रोमन अक्षरांत टाइप करतो.

खर्चाविषयीही एक छोटा गैरसमज आहे. ‘रोजचे बजेट’ ही दिवसाची कमाल मर्यादा आहे असे समजले जाते, पण ती सरासरी असते. एखाद्या दिवशी खर्च त्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो आणि महिन्याच्या हिशेबात मात्र तो सामान्यतः रोजच्या रकमेच्या 30.4 पटींपुढे जात नाही. जीएसटी त्यावर वेगळा लागतो.

नैसर्गिक क्रमाच्या बाबतीत ‘पंधरा दिवसांत पहिला क्रमांक, हमीसह’ हे आश्वासन सर्वांत आकर्षक आणि सर्वांत निराधार असते. गुगलवर पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गुगलनेच व्यावसायिकांसाठीच्या मार्गदर्शनात लिहिले आहे आणि सुधारणांचे फळ दिसण्यास साधारणतः चार महिने ते एक वर्ष लागते असेही त्यात म्हटले आहे. हमी देणारे बहुधा दोन वाटांनी जातात. एक तर ते दुकानाच्या स्वतःच्या नावावर पहिला क्रमांक दाखवतात, जो त्या नावाचे दुसरे दुकान नसल्यास बिनकामाचा असतो, कारण नाव माहीत असलेला ग्राहक आधीच मिळालेला असतो. किंवा ते इतर संकेतस्थळांवरून दुवे विकत घेऊन क्रम कृत्रिमरीत्या फुगवतात. दुसरी वाट आणि सर्च इंजिनला फसवण्याची तशीच कोणतीही क्लृप्ती धोक्याची आहे. बीएमडब्ल्यू कंपनीच्या जर्मन संकेतस्थळाने सर्च इंजिनला एक पान आणि वाचकाला दुसरेच पान दाखवल्यामुळे फेब्रुवारी 2006 मध्ये गुगलने ते काही काळ निकालांतून काढून टाकले होते, आणि एप्रिल 2012 मध्ये आणलेल्या ‘पेंग्विन’ या बदलाने विकतच्या दुव्यांवर उभ्या असलेल्या असंख्य संकेतस्थळांची घसरण झाली. मोठी कंपनी अशा धक्क्यातून सावरते. तालुक्याच्या गावातील दुकानाला मात्र आपले संकेतस्थळ का दिसेनासे झाले याचा शोध घेणेही अवघड जाते. काहीजण पानाच्या अदृश्य भागात कीवर्डची यादी भरण्याचे पैसे घेतात, ज्या यादीचा क्रमासाठी विचार होत नाही हे गुगलने 2009 मध्येच जाहीर केले आहे.

‘गुगलकडून बोलत आहोत, नकाशावरील नोंद सुरू ठेवण्यासाठी शुल्क भरा’ अशा दूरध्वनींचा वेगळा उल्लेख करणे आवश्यक आहे. नकाशावर दुकानाचे नाव, वेळ, छायाचित्रे आणि अभिप्राय दाखवणारी नोंद, म्हणजे गुगल बिझनेस प्रोफाइल, पूर्णतः मोफत आहे; स्थानिक निकालांतील तिचा क्रम शोधाशी असलेली सुसंगतता, अंतर आणि व्यवसायाची ख्याती यांवर ठरतो आणि तो पैसे देऊन वाढवता येत नाही. पडताळणीसाठी आलेला सांकेतिक क्रमांक फोनवरील व्यक्तीला सांगणे म्हणजे नोंदीचा ताबा देणे होय, आणि पैसे गेलेच तर 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी. चिखलीतील पुष्कळ लहान दुकानांना संकेतस्थळ आणि जाहिरात यांच्याआधी ही एकच मोफत नोंद काळजीपूर्वक भरण्याची गरज आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. जो सेवापुरवठादार हे पहिल्या भेटीत सांगतो त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे.

विश्वासू सेवापुरवठादार ओळखण्याची खूण म्हणून ‘गुगल पार्टनर’ हे बोधचिन्ह दाखवले जाते. ते खोटे नसते, पण त्याचा अर्थ मर्यादित आहे : तो व्यवसाय ठरावीक प्रमाणात जाहिरातखर्च हाताळतो, त्याच्या कर्मचाऱ्यांनी गुगलच्या परीक्षा दिल्या आहेत आणि खात्यांची मांडणी गुगलच्या शिफारशींशी ठरावीक प्रमाणात जुळते. गुगलच्या शिफारशींत खर्च वाढवण्याच्या सूचनाही असतात, त्यामुळे हे बोधचिन्ह जाहिरातदाराच्या नफ्याचा दाखला ठरत नाही. त्याहून उपयोगी तपासणी म्हणजे गुगलचे ‘ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर’, जे मार्च 2023 मध्ये खुले झाले आणि जेथे पडताळणी झालेल्या जाहिरातदारांच्या जाहिराती कोणालाही पाहता येतात. ‘अमुक रुग्णालयाच्या जाहिराती आम्ही चालवतो’ असा दावा असेल तर त्या जाहिराती खरोखर आहेत का आणि कशा आहेत, हे चिखलीत बसून पाहता येते.

यापेक्षाही निर्णायक प्रश्न मालकीचा आहे. जाहिरातखाते व्यावसायिकाच्या स्वतःच्या ईमेलवर उघडलेले असावे, त्यात त्याला प्रशासकाचा अधिकार असावा आणि सेवापुरवठादाराने आपल्या व्यवस्थापक खात्यातून त्याच्याशी जोडून घ्यावे, जेणेकरून संबंध संपताच तेवढा दुवा तोडला की खाते, जुने आकडे आणि शिकलेले धडे जागेवर राहतात. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावे आणि कोणाच्या ईमेलवर नोंदले आहे हे तर पहिल्याच दिवशी पाहावे, कारण ते दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर वर्षांची ओळख नूतनीकरणाच्या एका तारखेवर टांगलेली राहते. गुगलची रक्कम थेट व्यावसायिकाने भरली आणि खात्यात त्याचा जीएसटी क्रमांक नोंदला असेल तर बीजक त्याच्याच नावे येते, आणि पात्र असल्यास इनपुट टॅक्स क्रेडिटचा, म्हणजे भरलेल्या कराच्या वजावटीचा, लाभही त्यालाच मिळतो. सेवापुरवठादाराचे शुल्क वेगळ्या बीजकावर असावे. दोन्ही रकमा एकत्र करून ‘महिना अमुक हजार’ असे पॅकेज विकले जाते तेव्हा त्यातील किती गुगलकडे गेले हे कळत नाही, वस्तुतः गुगलच्याच धोरणानुसार अशा मध्यस्थाने खर्च, क्लिक आणि जाहिरात किती वेळा दिसली हे आकडे महिन्यातून किमान एकदा ग्राहकाला देणे बंधनकारक आहे.

खाते स्वतःचे असले की देखरेख अवघड राहत नाही. त्यातील ‘सर्च टर्म्स’ या अहवालात लोकांनी टाइप केलेल्या ज्या शब्दांवर पैसे गेले त्यांतील बहुतेक वाचता येतात, आणि त्यातूनच पिंपरीचा ग्राहक की बुलढाणा जिल्ह्यातल्याच देऊळगाव राजाचा, याचा बराच अंदाज येतो; ‘चेंज हिस्टरी’ या नोंदीत मागील दोन वर्षांत कोणी, कधी, काय बदलले हे राहते, त्यामुळे दरमहा शुल्क घेऊन खात्याला हातही न लावणारा तेथे उघडा पडतो. जाहिरातीवरून आलेल्या फोनची मोजणी सुरू केलेली असेल तर क्लिकऐवजी प्रत्येक चौकशीमागचा खर्च काढता येतो, आणि तो दुकानाच्या नफ्याशी ताडून जाहिरात वाढवावी, बदलावी की बंद करावी हे व्यावसायिकाला सेवापुरवठादाराच्या शब्दावर न विसंबता ठरवता येते.